चार ते नऊ, सलग

"आणि हा सातवा. हा रिकामाच समजा," असं दार ढकलता ढकलता तो बोलून गेला, आणि आत सात माणसं मान खाली घालून काम करत होती.

बोलताना त्याला काहीच वाटलं नाही. त्याच्या धंद्यात रिकामा मजला म्हणजे माणसं नसलेला मजला, असं कुणी धरत नाही. करार संपत आला आणि नव्यावर सही झालेली नाही, की मजला रिकामा. मग आत शंभर माणसं बसलेली असोत नाहीतर कुणाचा निरोपसमारंभ चाललेला असो. सत्तावीस वर्षं तो शहरातल्या कंपन्यांना कचेरीच्या जागा मिळवून देत आला होता, आणि ही सगळी वर्षं 'समजा' या एका शब्दावर त्याचं पोट चाललं होतं. इथे भिंत नाही असं समजा. हा खांब मध्ये येत नाही असं समजा. खाली रस्ता खणलाय तो बुजला असं समजा. बाजारात त्याला समजाशेठच म्हणत आणि त्यालाही ते आवडे. नाव पडायलासुद्धा माणसात काहीतरी असावं लागतं. पण आज दार उघडलं आणि त्या सातांपैकी एकानेही वर पाहिलं नाही, तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या एकदम गरम झाल्या. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. सातही जणांच्या कानांवर हेडफोन होते, टेबलाखाली पाय पेडलवर होते. पाय दाबला की कानातला आवाज चालू, उचलला की बंद, आणि बोटं त्या आवाजामागे पळत होती. ऐकू गेलं होतं ते आठव्या माणसाला. दाराजवळच्या टेबलाशी, कानावर काहीही न लावता, हातात लाल पेन घेऊन एक बाई बसली होती. ती त्याची वहिनी, आणि कचेरी तिचीच होती.

तिने पेनाचं टोपण लावलं. बस, एवढंच केलं. मग उठून त्याच्यासोबतच्या मुलीला म्हणाली, "या ना, बघा. या बाजूच्या खिडक्या उघडतात, बाकीच्या मजल्यांवर जाम झाल्यात. दुपारनंतर ऊन येतं, पण पडदे आहेत." मुलगी ज्या कंपनीकडून आली होती ती विचार करणारी यंत्रं बनवणारी कंपनी होती, आणि मुलीचं काम त्या कंपनीसाठी जागा बघण्याचं. तिशीतली, पायात पळायचे बूट, हातात लाल किरणाने अंतर मोजायचं काडेपेटीएवढं यंत्र. तिने ते यंत्र चटकन खिशात टाकलं, जणू कुणाच्या घरात चप्पल घालून आल्यासारखं तिला झालं असावं. "तुमचं काम चालू दे," ती म्हणाली, "आम्ही पाच मिनिटांत जातो." खरं तर सातवा दाखवायचा आज बेतच नव्हता. सहावा आणि आठवा दाखवून तो तिला खाली नेणार होता. पण लिफ्टमध्ये तिने स्वतःच सातचं बटण दाबलं. कंपनीला मजल्यामजल्यांना जोडणारा आतला जिना हवा होता, म्हणजे माणसं लिफ्टची वाट न बघता वरखाली करतील, एकमेकांना भेटतील. आणि मधला मजला पाहिल्याशिवाय जिना कुठून काढायचा हे कसं ठरणार? तिने छताकडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं, आणि तिचे डोळे जिथे येऊन थांबले ते वहिनीचं टेबल होतं. जिना तिथूनच निघणार, हे त्याला तिच्याआधी कळलं होतं. सत्तावीस वर्षांत नजर तेवढी तयार होतेच. वहिनीलाही कळलं. ती टेबलावरचे कागद सारखे करू लागली, आणि ते आधीच सारखे होते.

मुलीला खाली पोचवून तो गाडीपर्यंत गेला, हसला, दोन दिवसांत कळवा म्हणाला. मग लिफ्टने सातव्यावर जाण्याऐवजी तिसऱ्यावर गेला. जायला कारण होतं. आठवड्यातून एकदा रिकाम्या मजल्यांवरचे नळ सोडावे लागतात, नाहीतर मोऱ्यांच्या वळणात अडकलेलं पाणी वाळून जातं आणि गटाराचा वास सगळ्या इमारतीत चढतो. खरं तर हे काम दलालाचं नव्हे. पण गेली तीन वर्षं इमारत अर्धी ओस पडली होती, मालकाने माणसं कमी केली होती, आणि वास आला की गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून परत जातं हे त्याने पाहिलं होतं. म्हणून किल्ल्यांचा जुडगा घेऊन तोच फिरे. एकेक तोटी सोडायची, आधी नळ खोकल्यासारखा करतो, मग तांबूस पाणी येतं, मग स्वच्छ. स्वच्छ झालं की बंद. आज तो पहिल्याच तोटीशी उभा राहिला आणि पाणी कधीच स्वच्छ झालेलं असूनही वाहत राहिलं.

या तिसऱ्या मजल्यावर लोकांचे फोन घेणारी कंपनी होती. दोनशे माणसं तीन पाळ्यांत बसायची, आणि हा सगळा मजला पोळ्यासारखा घुमायचा. मग फोन घ्यायला यंत्र आलं, तेही न चिडणारं आणि सुट्टी न मागणारं, आणि सहा महिन्यांत माणसं गेली. कार्पेटवर टेबलांच्या पायांचे खळगे तेवढे राहिले, चार चार, ओळीने. त्या वर्षी त्याने जितक्या जागा सोडवून दिल्या तितक्या आयुष्यात सोडवल्या नव्हत्या. विमा गेला, छपाई तपासणारे गेले. मालकलोक कपाळाला हात लावून बसले. जे एरवी त्याला दारात उभं करत ते खुर्ची देऊन चहा पाजू लागले. आणि मग याच वर्षी वारं फिरलं. ज्यांच्या यंत्रांनी मजले रिकामे केले तेच लोक मजले मागायला आले. दोन खोल्यांतून उठून दोन मजले, दोनातून सहा. माणसं नव्वद, जागा चारशेंची. आजची गरज कुणी मोजतच नव्हतं. उद्या किती होऊ याच्या हिशेबाने आज जागा धरायची, नाहीतर समोरचा धरेल. शिवाय सगळ्यांनी रोज कचेरीत यायचं, घरून काम नाही. दलालाला काय, जाणाऱ्याचीही दलाली आणि येणाऱ्याचीही. तो बायकोला म्हणाला होता, "आपलं बरं आहे, आपण दोन्ही बाजूंनी भाकरी भाजतो." बायको म्हणाली होती, "करपेल एक दिवस." तेव्हा तो हसला होता.

मालकाने पंधरा दिवसांपूर्वी त्याला स्पष्ट सांगितलं होतं: चार ते नऊ, सलग. मध्ये एक दात पडलेला चालणार नाही, नाहीतर कंपनी समोरच्या काचेच्या इमारतीत जाईल. सलग सहा मजल्यांपैकी पाच खरेच रिकामे होते. सातव्यावर वहिनी. तिचा करार तीन महिन्यांत संपत होता आणि नव्याची बोलणी त्यानेच 'बघू, घाई काय' म्हणत लांबवली होती. सांगायचं तर होतंच. पहिल्या रविवारी तो तिच्याकडे जेवायला गेला तेव्हा तिला सर्दी झाली होती, म्हणून नाही सांगितलं. दुसऱ्या रविवारी ती फार खुशीत होती, म्हणून नाही सांगितलं. एरवी त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, पण या एका गोष्टीला त्याची जीभ वळेना. पुढच्या रविवारी नक्की, असं ठरवून तो आज मुलीला घेऊन आला होता.

वहिनी त्या घरात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आई नव्हती, वडील असून नसल्यासारखे, आणि दादा त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठा. दीड खोलीचं घर. वहिनी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने लोखंडी कपाट भिंतीपासून ओढलं. एकटीने, पदर खोचून, फरशीवर पांढरे ओरखडे उठवत. कपाटामागे दीड हात जागा झाली. तिथे तिने एक पाट टाकला, वर दिवा टांगला आणि म्हणाली, "ही तुझी खोली." दादा हसला होता. पण तिने ते खेळातलं मानलं नाही. चहा द्यायचा असला तरी ती कपाटाच्या पत्र्यावर बोटाने दोनदा वाजवायची आणि त्याने 'ये' म्हटल्यावरच हात आत घालायची. पाहुण्यांची पोरं आत घुसायला लागली की म्हणायची, त्याला विचारा आधी. नऊ वर्षांच्या पोराची परवानगी. त्या वयात त्याला ते कुणी आपल्याला राजा केल्यासारखं वाटायचं, आणि नंतर, मिसरूड फुटल्यावर, त्याची थोडी लाजही वाटायची. पुढे माणसांना जागा देण्याचा धंदा आपण का धरला असं कुणी विचारलं तर तो काहीबाही सांगे. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. आज तिसऱ्या मजल्यावर, ओल्या हातांनी, त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली, की मालकाच्या किल्लीने दार उघडताना आपण साधं बोटही वाजवलं नाही.

कचेरी मूळ दादाची. न्यायालयातल्या साक्षी, डॉक्टरांचे अहवाल, चौकशांची ध्वनिमुद्रणं ऐकून अक्षर न अक्षर टाइप करून द्यायची. दादा माणसं सांभाळी, वहिनी टाइप करी. तिच्याइतकं नेमकं ऐकणारं कुणी नव्हतं. साक्षीदार कुठे थांबला, कुठे आवंढा गिळला, तेही ती कंसात लिहायची. दादा गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता हे मिटलं. तिने महिनाभराने त्याला बोलावलं आणि म्हणाली, "मला मोठी जागा बघ. बावीस माणसं बसतील अशी." त्याने हा मजला दाखवला. ती खिडकीशी उभी राहिली, बराच वेळ. मग विचारलं, "इथून उठावं नाही ना लागणार? आता मला परत परत मांडामांड होणार नाही." आणि तो म्हणाला होता, "मी आहे तोवर तुला इथून कोण उठवतंय." तेव्हा तो समजा म्हणाला नव्हता. चौदा वर्षांत बाविसाचे सात झाले. पूर्वी ही माणसं ऐकून लिहायची. आता यंत्र लिहितं आणि ही त्याच्या चुका काढतात. वहिनी म्हणायची, "यंत्र कपडे मळवतं, आम्ही धुतो." तरी सातही पगार वेळेवर होत, आणि ती स्वतःचा घेते की नाही हे त्याने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

त्याने तोटी बंद केली, हात पँटला पुसले आणि फोन लावला. मालकाला नाही, त्या मुलीला. अशा वेळी दलालाने काय करू नये ते नेमकं तो करत होता. गिऱ्हाइकाला आपल्या मालातलं वैगुण्य स्वतःहून दाखवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

"सातवा मजला मिळणार नाही," तो म्हणाला. "म्हणजे मिळेल, पण मी तो द्यायला नको. तिथे माझी वहिनी आहे. मी तिला सांगितलंच नव्हतं."

मग मुलगी म्हणाली, "काका, मला तेव्हाच वाटलं ते. त्यांनी तुमच्याकडे एकदाही बघितलं नाही."

"सातशिवाय भागेल का तुमचं?"

"जिना चार-पाच-सहामध्ये काढू, आठ-नऊमध्ये दुसरा. मधे लिफ्ट. चालतील थोडे, बरंच आहे." ती हसली. "खरं सांगू? पुढच्या वर्षी आम्ही चारशे असू की नऊ, आमच्या साहेबांनाही ठाऊक नाही. मी एवढ्या जागा घेते ना, रात्री मला स्वप्नात नुसत्या खुर्च्या दिसतात. माझी आई पण टाइपिंगच करायची. मी विचारते वर. चारपर्यंत सांगते."

चारपर्यंतचे ते तीन तास त्याने त्याच मजल्यावर काढले. खुर्ची नव्हती, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर बसला. समोरच्या काचेच्या इमारतीत माणसं हलत होती, तोंडं उघडत मिटत होती, आवाज नव्हता. सौदा बारगळला तर मालक त्याला पुन्हा दारात उभा करणार नाही, आणि या वयात नवे मालक मिळत नाहीत. बायको काय म्हणेल तेही त्याला ऐकू आलं, तिच्या आवाजात. भूक लागली होती, पण खाली जावंसं वाटेना, कारण लिफ्ट सातव्यावर थांबली आणि आत वहिनी असली तर? वहिनीला घाबरल्याचं त्याला आठवत नव्हतं, अगदी शाळेत नापास झाला तेव्हाही नाही. तेव्हा ती म्हणाली होती, निकाल लपवून आणलास याचं मला वाईट वाटलं, बाकी परीक्षा काय पुन्हा येते. ते तो आज इतक्या वर्षांनी जसंच्या तसं ऐकत होता. कट्ट्याचा संगमरवर गार होता, मग अंगच्या उबेने कोमट झाला. चारला पाच मिनिटं असताना फोन वाजला. मंजूर होतं. सातवा सोडून पाच मजले, मालकाशी तीच बोलणार होती. "काकूंना सांगा," ती म्हणाली, "खिडक्यांचं त्यांनी सांगितलं ते बरं केलं. मी आठव्याच्या उघडून घेणार आहे."

तो जिन्याने वर गेला. चार मजले, त्रेपन्नाव्या वर्षी, दोन दोन पायऱ्या एकदम. सहाव्यावर दम लागला म्हणून थांबला तेव्हा आपण हसतोय हे त्याला कळलं. आपलेच दात नि आपलेच ओठ, पण चावलं तरी शेवटी जीभच फिरते ना वरून; असलं काहीतरी त्याच्या डोक्यात चाललं होतं, आणि वहिनीला ते कसं सांगायचं, आधी कान धरायचे की आधी बातमी द्यायची, हेही. सातव्यावर माणसं निघण्याच्या बेतात होती. हेडफोन टेबलांवर उताणे पडले होते. त्यातल्या सगळ्यात जुन्या टायपिस्टने, दादाच्या वेळच्या, त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि पिशवी उचलून तो बाकीच्यांना घेऊन बाहेर गेला. नेहमी तो चेष्टा केल्याशिवाय जात नसे.

"बस," वहिनी म्हणाली.

तो बसला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. पंधरा दिवस लपवलं ते सांगितलं, दोन्ही रविवार सांगितले, दारातलं ते वाक्य तोंडात सवयीने आलं हे सांगितलं आणि सवयीने आलं म्हणून ते कमी वाईट होत नाही हेही सांगितलं. मग मुलीचा फोन. सातवा राहिला, वहिनी. नवा करार उद्याच करून टाकू. बोलताना त्याचा आवाज मध्येच लहान मुलासारखा वर गेला. तिने सगळं ऐकलं, मध्ये न तोडता, जशी ती आयुष्यभर लोकांचं ऐकत आली होती तशी.

"मी दुपारी मालकांकडे जाऊन आले," ती म्हणाली. "मजला सोडते म्हणून लिहून दिलं."

"कधी? अगं, पण मला विचारायचं तरी."

बोलल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"या पोरांना आधी सांगितलं," ती म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत. सकाळी त्यांच्या कानांवर हेडफोन होते म्हणून बरं, नाहीतर दुसऱ्याच्याच तोंडून कळलं असतं. थोडी रडली. मग म्हणाली, लहान जागा चालेल, पण एकत्र जाऊ. काम आहे अजून दोन-तीन वर्षांचं. तेवढ्यात मीही थकेन."

"ते पत्र मी परत आणतो. मालक माझं ऐकेल आज, पाच मजले गेलेत त्याचे."

"नको आणू. मला इथे आता तेच वाक्य ऐकू येईल रे, दार उघडलं की." तिने लाल पेन ड्रॉवरमध्ये ठेवलं. "तुझ्यावर राग नाही. सकाळी होता, जिना उतरेपर्यंत गेला. पोटच्या पोरावर किती वेळ धरणार."

हलका होऊन तो भराभर बोलू लागला. मग जागा मी बघतो. मागच्या रस्त्याला एक पहिला मजला आहे, सात-आठ माणसांना पुरेसा, उजेड आहे, चढायला नको, शेजार शांत. उद्या सकाळी दाखवतो. आत्ताच चल म्हणालीस तर किल्ली आहे माझ्याकडे.

"जागा बघायला मी दुसऱ्याला सांगितलंय," वहिनी म्हणाली.

"दुसऱ्याला म्हणजे?"

"तो चष्मेवाला, खालच्या चौकातला."

चष्मेवाल्याला सगळा बाजार ओळखत होता. ओलीची भिंत कपाटाने झाकून दाखवणारा माणूस. "वहिनी, तो फसवेल तुला," तो म्हणाला. "खरंच सांगतो. जागा लावून देऊन तो ओळख विसरतो."

"फसवेल कदाचित." तिने खिडक्या एकेक करून ओढून घेतल्या, कड्या लावल्या. "परक्याने फसवलं तर माणूस चार शिव्या देतो आणि झोपतो. मला झोप लागायला हवी, या वयात."

त्याने किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला. तिने पर्स खांद्याला लावली, दिवे मालवले आणि दोघं लिफ्टपाशी येऊन उभी राहिली. लिफ्ट वरून यायला वेळ लागला. तिने त्याच्या कॉलरला लागलेला चुना हाताने झटकला, तिसऱ्या मजल्यावरच्या भिंतीचा असावा.

"जेवला नाहीस वाटतं दुपारी," ती म्हणाली. "तोंड बघ कसं झालंय. रविवारी ये जेवायला."

"येतो."

"निघताना फोन कर फक्त. म्हणजे मला कळेल."

चव्वेचाळीस वर्षांत त्या घरी जायला त्याने कधी फोन केला नव्हता. "करतो," तो म्हणाला, आणि लिफ्टचं दार उघडल्यावर बाजूला होऊन त्याने तिला आधी आत जाऊ दिलं.